विषय: ती फॉर्च्युनर, चेसिस नंबर कोणाला वाचता येतो का?

प्रेषक: ताई (फोंडा)

मंडळी,
ती पांढरी फॉर्च्युनर शेवटी बघून आलो. गाडी चांगली आहे, पायरी असल्यामुळे ह्यांना चढाय-उतरायला जमतं. विकणारा रविवारपर्यंत टोकन मागतोय आणि चवथीला गाडी दारात हवी म्हणून घरात घाई चाललीय. पण माझं मन एका गोष्टीवर अडलंय. आरसीवर चेसिस नंबर एमआर० ने सुरू होतो. आमच्या जुन्या इनोव्हाचा एमबीजे होता, दर वर्षी विम्याच्या फॉर्मवर लिहून लिहून पाठ झालेला. दोन्ही टोयोटाच, मग सुरुवात वेगळी का? मेकॅनिक म्हणतो गाडी बाहेरून आलेली असणार. विकणारा म्हणतो शोरूमचीच, बेंगळुरूजवळच्या कारखान्यातली. बनावटीचं वर्ष २०१२, पहिली नोंदणी मात्र २०१९ ची, दुसऱ्या राज्यातली. तिथून एनओसी आणून आता जीए-०५ झालीय.
ज्यांना कळतं त्यांनी कृपया आज-उद्याकडे सांगा. आरसीचा फोटो जोडलाय.

---

प्रेषक: बाबू (मस्कत)
विषय: उत्तर: ती फॉर्च्युनर

ताई, काळजी नको. पहिलं अक्षर देशाचं असतं. जे म्हणजे जपान, डब्ल्यू जर्मनी, १, ४, ५ अमेरिका आणि एम आपला. मारुती एमए३, ह्युंदाई एमएएल, टाटा एमएटी. तुमचा एम आहे ना? मग गाडी भारतातलीच. दहावं अक्षर वर्षाचं, २०१२ ला सी असतो, तेवढं जुळतंय का बघा आणि टोकन द्या. अशी गाडी चवथीपर्यंत थांबत नाही.

---

प्रेषक: भाई (वास्को)
विषय: उत्तर: उत्तर: ती फॉर्च्युनर

ताई, टोकन देऊ नका.

बाबू, एम एकट्या भारताचा नाही, दुसरं अक्षरही वाचावं लागतं. एमए ते एमई भारत, एमएफ ते एमके इंडोनेशिया, एमएल ते एमआर थायलंड. बेंगळुरूजवळच्या बिडदीच्या कारखान्यातल्या टोयोटाचा नंबर एमबीजे ने सुरू होतो आणि एमआर० ही टोयोटाच्या थायलंडच्या कारखान्याची खूण. म्हणजे ताईंची शंका बरोबर आहे, ही गाडी बिडदीला बनलेली नाही.

दहाव्या अक्षराचंही तसंच. तिथं वर्ष घालायची सक्ती अमेरिका-कॅनडात आहे. इतर देशांसाठी बनलेल्या गाड्यांत तिथं दुसरंच काही असू शकतं, नुसतं शून्यही. त्यावरून वर्ष ठरवू नका. सतरा खुणांच्या त्या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच येत नाहीत, म्हणजे आरसीवर कुठे ओ दिसला तर कारकुनानं शून्याचा ओ केला असेल किंवा कोणीतरी नंबर रचला असेल.

आता आरसी बाजूला ठेवा आणि लोखंड बघा. पुढच्या उजव्या चाकाजवळ चेसिसच्या पट्टीवर नंबर ठोकलेला असतो. टॉर्च घ्या, चिखल पुसा, पेन्सिलनं कागदावर ट्रेस घ्या. घासल्याची, वेल्डिंगची किंवा नव्या रंगाची खूण दिसली तर पुढं बोलणंच नको. सरकारी अॅपवर शेवटचे अंक झाकलेले असतात पण सुरुवातीचे दिसतात, तेही जुळवा.

---

प्रेषक: खजिनदार
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: ती फॉर्च्युनर

सर्वांना नम्र विनंती. ही ई-मेल यादी मंडळाच्या कामासाठी आहे. हॉलचं बुकिंग अजून पक्कं झालेलं नाही, त्या मेलला दोघांनीच उत्तर दिलंय आणि गाडीवर एका रात्रीत इतकी पत्रं आली. गोव्याला परतलेल्या सभासदांनी यादीवर राहावं ही माझीच सूचना होती, म्हणून मला बोलायचा हक्क आहे. वर्गणी बाकी असलेल्यांना वेगळा मेल जाईल.

---

प्रेषक: नाना (म्हापसा)
विषय: उत्तर: ती फॉर्च्युनर

खजिनदार, आपल्या माणसाचे दहा-पंधरा लाख बुडायची वेळ आली असताना मंडळाचं याहून महत्त्वाचं काम ते कुठलं? तुम्ही हॉल बघा, आम्हाला गाडी बघू द्या.

बाहेरच्या गाडीचं गोव्याला कधीच अप्रूप नव्हतं. माझ्या लहानपणी म्हापशाच्या टॅक्सी स्टँडवर मर्सिडीज उभ्या असायच्या, ओपेल असायच्या आणि मुंबईहून आलेला पाहुणा त्यांच्याभोवती फिरून बघायचा. पोर्तुगालनं १९२८ साली गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायला सुरुवात केली, गोवा मात्र डावीकडेच राहिला, शेजारचा मुलूख डावीकडून चालायचा म्हणून. १९६१ नंतर त्यातल्या कितीतरी गाड्या जीडी नंबरांवर चालत राहिल्या. त्या राजरोस आलेल्या होत्या, त्यांचे कागद होते. म्हणून म्हणतो, बाहेरची गाडी असणं हा दोष नव्हे, कागद नसणं हा दोष.

सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या कस्टम्सनं केलेली कारवाई आठवते ना? भूतानमार्गे आलेल्या महागड्या गाड्या, सैन्याच्या आणि वकिलातींच्या नावाचे खोटे कागद, दुसऱ्या राज्यात नोंदणी आणि मग केरळात विक्री. नावाजलेल्या लोकांच्या दारातून गाड्या उचलून नेल्या. ताईची गाडी तसलीच आहे असं मी म्हणत नाही. पण जुनी बनावट, उशिराची नोंदणी आणि दुसऱ्या राज्याची एनओसी, हे तिन्ही इथं एकत्र आलंय.

---

प्रेषक: वहिनी (मडगाव)
विषय: उत्तर: उत्तर: ती फॉर्च्युनर

नाना, टॅक्सींचं अगदी बरोबर. आमच्या मामंजींच्या ओपेलमधून माझी वरात आली.

ताई, माझे दीर ब्रिटनमधून कायमचे परतले तेव्हा त्यांनी आपली गाडी आणली, त्यामुळे हे सगळं घरात बघितलंय. वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे लागतं आणि ती मुंबई बंदरातूनच यावी लागते. कस्टम्सची ड्युटी तेव्हा १२५ टक्के, वर बाकीचे कर. त्यातून सुटल्यावर जो कागद मिळतो तो बिल ऑफ एंट्री. त्याशिवाय आरटीओ आयात गाडीची नोंदणी करत नाही. त्यात चेसिस नंबर, इंजिन नंबर, आणणाऱ्याचं नाव, भरलेली ड्युटी, सगळं असतं. परतणाऱ्यानं अशी आणलेली गाडी दोन वर्षं विकायचीही नसते. दिरांनी तो कागद दागिन्यांबरोबर लॉकरमध्ये ठेवलाय. खरी आणलेली गाडी असेल तर मालक हा कागद हरवत नाही. तुम्ही तोच मागा.

---

प्रेषक: बाबू (मस्कत)
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: ती फॉर्च्युनर

वहिनी, म्हणजे माझी लँड क्रूझर इथून आणता येणार नाही? फक्त दोन वर्षं जुनी आहे. स्टिअरिंग डावीकडे आहे, पण गोव्यात डाव्या स्टिअरिंगच्या जुन्या गाड्या मी स्वतः बघितल्यात.

आणि भाई, थायलंडचं मान्य. पण थायलंडची म्हणजे चोरटीच असं कसं? कंपन्या तयार गाड्या आयात करून शोरूममधून विकतातच की. टोयोटाचीच प्राडो इथं विकली जायची तेव्हा जपानहूनच यायची.

---

प्रेषक: भाई (वास्को)
विषय: उत्तर: बाबू

बाबू, लँड क्रूझर तिथंच विक. वापरलेल्या आयातीला उजवं स्टिअरिंग लागतंच. तू बघितलेल्या गाड्या जुन्या काळातल्या, नाहीतर हरमल-हणजुणेच्या बाजूला परदेशी लोक रस्त्यानं घेऊन येतात त्या. त्या कार्नेवर, म्हणजे तात्पुरत्या प्रवेशाच्या कागदावर येतात, मुदतीत परत न्याव्या लागतात, इथं विकता येत नाहीत. तसल्या गाडीच्या खिडकीवर कोणी विक्रीची पाटी लावली तरी हात लावायचा नाही.

प्राडोचं तुझं बरोबर, जपानचा नंबर असूनही ती कायदेशीर. नुसता परदेशी नंबर म्हणजे गुन्हा नव्हे, नानांनी तेच सांगितलं. पण इथला विकणारा गाडी बिडदीची असल्याचं सांगतोय आणि नंबर थायलंडचा आहे. खोटं तिथं आहे. शोरूमची असेल तर त्या शोरूमचं पहिलं बिल आणि फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला, दाखवू दे.

ताई, दिवसाउजेडी आणखी काही बघून घ्या. सगळ्या काचांचे कोपरे बघा, एकाच काचेवर विसंबू नका, पुढची काच फुटून बदललेली असू शकते. इथल्या काचेवर आयएस २५५३ असा छाप असतो. मग सनव्हायजरवरचे, बॉनेटखालचे, डिझेलच्या झाकणामागचे स्टिकर कुठल्या भाषेत आहेत ते बघा. स्टिअरिंगवरून इथं काही कळणार नाही, थायलंड आणि भूतानमध्येही गाड्या डावीकडूनच चालतात.

---

प्रेषक: नाना (म्हापसा)
विषय: उत्तर: उत्तर: बाबू

रेडिओपण बघा. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या गाडीचा एफएम ७६ पासून सुरू होतो आणि नव्वदीतच संपतो, आपला पणजीचा १०५.४ त्यावर लागत नाही.

---

प्रेषक: वहिनी (मडगाव)
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: बाबू

नाना, थायलंडच्या गाडीवर लागेल ना पण? आणि १०५.४ वर पूर्वी सकाळी किती छान भजनं लागायची. हल्ली कोणी ऐकतं का?

---

प्रेषक: ताई (फोंडा)
विषय: ती फॉर्च्युनर, काल बघितलं ते

सगळ्यांचे आभार. काल मेकॅनिकला घेऊन पुन्हा गेले. ठोकलेला नंबर आरसीशी जुळतो, घासल्याची खूण नाही. पण एकाही काचेवर आयएस २५५३ नाही आणि बॉनेटखाली गोल गोल अक्षरांचा स्टिकर आहे, तो आपल्या कुठल्याच लिपीतला नाही. हे दाखवल्यावर विकणाऱ्याची भाषा बदलली. आता म्हणतो गाडी सैन्याच्या लिलावातली, म्हणून नोंदणी उशिरा झाली. बिल ऑफ एंट्री मागितली तर म्हणाला, आरसी सरकारी आहे, आणखी काय पाहिजे? घरातले म्हणतात, गोव्याच्या आरटीओनं नंबर दिलाय म्हणजे त्यांनी तपासलंच असेल. यावर काय सांगू?

---

प्रेषक: भाई (वास्को)
विषय: उत्तर: ती फॉर्च्युनर, काल बघितलं ते

घरी सांगा, दुसऱ्या राज्यातून एनओसीवर आलेल्या गाडीचा नंबर पहिल्या आरटीओच्या नोंदीच्या भरवशावर दिला जातो. पहिल्याच नोंदीला खोटा कागद लागला असेल तर तो पुढच्या प्रत्येक आरसीच्या खाली तसाच राहतो. आणि गाडी चोरटी निघाली तर कस्टम्स ती जप्त करतं, मग आरसी तुमच्या नावावर असो की आणखी कोणाच्या. तुम्ही विकणाऱ्याच्या मागे कोर्टात फिरायचं.

सैन्याच्या लिलावातली असेल तर नोंदणीसाठी सैन्याच्या अधिकाऱ्यांनी दिलेला मूळ फॉर्म २१ लागतो, त्याची प्रत त्याच्याकडे असायला हवी. वकिलातीची म्हणाला तर आधीचा वकिलातीचा नंबर विचारा. खाजगी आयात म्हणाला तर बिल ऑफ एंट्री. आणि २०१२ ची गाडी २०१९ च्या सुमाराला आली असेल तर तीन वर्षांच्या अटीत ती कुठल्याच हिशेबानं बसत नाही. पहिल्या आरटीओकडून बी रजिस्टरचा, म्हणजे त्यांच्या नोंदवहीचा, उतारा काढायला सांगा, नोंदणीला काय काय जोडलं होतं ते त्यावरून विचारता येतं. खर्च त्यानं करायचा, तुम्ही नाही.

---

प्रेषक: नाना (म्हापसा)
विषय: उत्तर: उत्तर: ती फॉर्च्युनर, काल बघितलं ते

ताई, रविवारची मुदत त्यानं घातलीय, तुम्ही नाही. उतारा आल्याशिवाय पाचशे रुपयेसुद्धा देऊ नका. चवथीला माझी इको घेऊन जा, मी म्हापशाबाहेर जाणार नाही.

---

प्रेषक: ताई (फोंडा)
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: ती फॉर्च्युनर, काल बघितलं ते

विकणाऱ्याला उताऱ्याचं सांगितलं. म्हणाला दुसरं गिऱ्हाईक आहे. मी म्हटलं, द्या त्याला. नाना, इको चालेल, ह्यांच्यासाठी पाट ठेवून चढायची सोय करते. देव बरें करूं. आता एमबीजे ने सुरू होणारी कुठं कोणाच्या पाहण्यात असेल तर कळवा, फोंडा-मडगाव बाजूची असल्यास बरं.

---

प्रेषक: खजिनदार
विषय: हॉल

शनिवार की रविवार? कृपया आज सांगा.