वाचनाच्या ॲपसाठी वर्गणी भरावी का? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा, सातारा)

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. मुलांना वाचन शिकवणाऱ्या एका ॲपचे प्रतिनिधी नुकतेच सोसायटीत येऊन गेले आणि काही घरांनी मिळून वार्षिक वर्गणी भरल्यास सवलत देऊ, असे सांगून गेले. हा खर्च सोसायटीच्या निधीतून करावा अशीही सूचना आली आहे, त्यामुळे निर्णयापूर्वी जाणकारांनी आपले मत येथे सविस्तर मांडावे ही विनंती.

सदनिका 9, निवृत्त शिक्षिका : सचिवसाहेब, पैसे भरण्याआधी जे मोफत आणि चांगले आहे ते पाहून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिली ते चौथीच्या मुलांसाठी मी सर्वांत आधी प्रथम बुक्स या मुलांची पुस्तके काढणाऱ्या संस्थेच्या स्टोरीवीव्हरचे नाव घेईन. 2015 साली सुरू झालेल्या या संकेतस्थळावर मराठी गोष्टी भरपूर आहेत आणि त्या वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या असल्यामुळे ज्या मुलाला अजून जोडाक्षरे जमत नाहीत त्याच्यापुढे एकदम लांबलचक मजकूर येत नाही. गोष्टींना क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना आहे. म्हणजे लेखक-चित्रकारांची नावे कायम ठेवली की त्या उतरवून घ्यायला, छापायला, वाटायला, इतकेच काय दुसऱ्या भाषेत नेऊन प्रसिद्ध करायलाही कोणाकडे परवानगी मागावी लागत नाही. मोफत म्हणून मिरवणारी कितीतरी ॲप्स पहिले काही धडे दाखवून पुढच्या धड्यापाशी पैशांची खिडकी उघडतात, तसला प्रकार येथे नाही.

दुसरे साधन गूगलचे रीड अलाँग. 2019 मध्ये ते आपल्याकडे बोलो या नावाने आले आणि पुढच्याच वर्षी त्याचे नाव बदलले. मूल मोठ्याने वाचते, ॲप ऐकते आणि शब्द अडला की तो म्हणून दाखवते. घरात ऐकून घ्यायला कोणी मोकळे नसेल तेव्हा याचा उपयोग होतो, हे खरे. मात्र उच्चार ऐकणाऱ्या साधनाला वेलांटी ऱ्हस्व काढली की दीर्घ हे कळण्याचा मार्गच नसतो, म्हणून पाटी-पेन्सिल बाजूला ठेवून चालणार नाही. प्रतिनिधी दाखवत होते त्या ॲपलाही हीच मर्यादा आहे, हे मी त्यांच्यासमोरच विचारून घेतले.

सदनिका 3, पालक : बाई, आपले म्हणणे पटते, परंतु आमच्याकडे मोबाईल एकच आहे आणि तो दिवसभर माझ्याबरोबर कामावर असतो. शिवाय एकदा मुलाच्या हाती दिला की तो गोष्टीवरून व्हिडिओवर कधी जातो ते कळत नाही.

सदनिका 9, निवृत्त शिक्षिका : म्हणूनच स्टोरीवीव्हरच्या गोष्टी छापून घ्याव्यात, असा माझा आग्रह आहे. रीड अलाँगमधील गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की वाचताना इंटरनेट लागत नाही, तेव्हा मोबाईल डेटा बंद करूनच मुलाच्या हाती द्यावा. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपबद्दल थोडक्यात सांगते : बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड या ॲपने स्कॅन केला की त्या पाठाचे साहित्य उघडते. वर्गात बुडालेला पाठ समजून घ्यायला ते ठीक आहे, पण अक्षरओळख करून देण्यासाठी मी ते वापरणार नाही.

सदनिका 14 : चर्चा मुलांपुरतीच राहू नये, असे वाटते. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींपैकी दोघींनी सही करायला शिकवा असे मागे सुचवले होते आणि आपण तो विषय हसण्यावारी नेला. केंद्र सरकारचा उल्लास हा नवभारत साक्षरता कार्यक्रम 2022 ते 2027 या काळासाठी असून 15 वर्षांवरील निरक्षरांना स्वयंसेवकांनी शिकवावे अशी त्याची रचना आहे. नोंदणी आणि शिकण्याचे साहित्य ॲपवर मोफत मिळते, आणि शेवटी वाचन, लेखन व संख्याज्ञान यांची प्रत्येकी 50, अशी एकूण 150 गुणांची चाचणी असते. ॲप उघडून त्यांच्या हातात देणे म्हणजे शिकवणे नव्हे. कोणीतरी शेजारी बसायलाच हवे. सुरुवात मुलांच्या गोष्टींनी न करता त्यांच्या स्वतःच्या नावाने, एसटीच्या पाट्यांनी आणि बँकेच्या पासबुकाने करावी, कारण मोठ्या माणसाला लहान मुलाचे पुस्तक समोर धरायला संकोच वाटतो.

सदनिका 6 : आठवीच्या पुढच्या मुलांसाठी एक भर घालतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली आपल्या जिल्ह्यातील वाईत उभा राहिलेला, 1976 साली पहिला खंड निघालेला मराठी विश्वकोश आज संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. भाषा जड आहे आणि जुन्या नोंदींतील आकडेवारी आता कालबाह्य झालेली आहे, हे मुलांना सांगायला हवे. तरीही प्रकल्पासाठी कुठूनतरी मजकूर चिकटवण्यापेक्षा ही नोंद वाचून चार ओळी स्वतः लिहिणे केव्हाही चांगले. विज्ञानासाठी अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करायची खेळणी आणि मराठी पुस्तकेही आहेत, तीही मोफत.

सचिव : बहुतेकांचा कल पाहता वर्गणी भरण्याचा प्रस्ताव सध्या बाजूला ठेवत आहे. त्याऐवजी गोष्टींच्या छपाईचा खर्च निधीतून करावा आणि रविवारी संध्याकाळी पाच वाजता कार्यालयाची खोली वाचनासाठी उघडी ठेवावी, असे सुचवतो. मावशींची वेळ त्यांना विचारूनच ठरवू. सदनिका 14 ने ती जबाबदारी घ्यावी. छपाई रंगीत काढावी की काळी-पांढरी, एवढे बाईंनी कळवावे.

सदनिका 9, निवृत्त शिक्षिका : पहिल्या पातळीच्या गोष्टी तेवढ्या रंगीत काढाव्यात, कारण तेथे निम्मा अर्थ चित्रातच असतो. बाकीच्या काळ्या-पांढऱ्या चालतील.