नंबर पोर्ट केल्यावर कॉल चालू, नेट बंद. हाताने भरलेला एपीएन सेव्ह केला की गायब

बिनतारी

फोन अँड्रॉइड १४. नंबर नव्या कंपनीत पोर्ट झाला, नवं सिम खाचेत आहे. दुसरी लाइन वेगळ्या कंपनीचं ईसिम, तीही कॉलपुरतीच.

कॉल येतात-जातात, एसएमएस येतात, रेंज भरपूर. वाय-फायवर सगळं नीट. वाय-फाय बंद केलं की दांड्यांशेजारी ४जी, एच, ई या नेटच्या खुणांतलं काहीच उमटत नाही. मोबाइल डेटा चालू आहे, डेटासाठी नवंच सिम निवडलंय, पॅक सुरू झाल्याचा एसएमएसही आलाय. फोन दोनदा बंद करून चालू केला, सिम काढून पुन्हा घातलं.

एपीएनची (नेटसाठी कंपनीच्या नेटवर्कात कुठल्या दाराने शिरायचं ते सांगणारी सेटिंग) यादी रिकामी होती. एका वेबपेजवरची माहिती बघून हाताने भरली: नाव, एपीएन, एमसीसी, एमएनसी, सगळं. सेव्ह केलं की यादी पुन्हा रिकामी! तीनदा झालं. आता सरळ नेटवर्क सेटिंग रीसेट करावी का?

दांडीगुल

रीसेट आत्ता नको. त्यात वाय-फायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जाऊ शकतात, आणि काही अँड्रॉइड फोनांत त्याच स्क्रीनवर ईसिमही पुसण्याचा चौकोन असतो. तिथे चुकून टिक राहिली तर दुसरी लाइनही हातची जाईल.

आधी दांड्यांशेजारी काय दिसतं ते बघायचं. निम्मं निदान तिथेच होतं.

काहीच उमटत नसेल तर फोन टॉवरला जोडलेला आहे, पण डेटाचं सेशन, म्हणजे नेटसाठीची जोडणी, उभंच राहिलेलं नाही. दोष एपीएनमध्ये, चुकीचं सिम डेटासाठी निवडण्यात, किंवा कंपनीने त्या नंबरवर डेटा अजून चालू न करण्यात. ४जी उमटतंय पण सोबत उद्गारचिन्ह किंवा फुली आहे, तर सेशन उभं आहे आणि गाडी पुढे अडलीय: डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणं), व्हीपीएन, प्रॉक्सी (मधला सर्व्हर). नुसतं ४जी, चिन्ह काही नाही, तरी ॲप चालत नाहीत, तर डेटा सेव्हर आणि डेटा लिमिट बघा. लिमिट प्रत्येक सिमसाठी वेगळी असते.

तुमचा प्रकार पहिला, आणि यादीतून नोंद गायब होणं हाच त्याचा पुरावा. अँड्रॉइड एपीएनच्या यादीत सगळ्या नोंदी दाखवत नाही. सिममध्ये एमसीसी (देशाचा कोड, ३ अंकी) आणि एमएनसी (कंपनीचा कोड, २ किंवा ३ अंकी) असतात. हे दोन्ही एकमेकांना चिकटवून जो ५ किंवा ६ अंकी आकडा होतो, तो ज्या नोंदीशी जुळतो तेवढीच नोंद दिसते. तुमची नोंद सेव्ह झालेली असणार, पण जुळत नाही म्हणून फोन ती लपवतोय. वापरतही नाही.

न जुळण्याची कारणं साधारण दोन. एक, वेबपेजवर दिलेला एमएनसी दुसऱ्याच विभागाचा असतो. मोठ्या कंपन्यांकडे एकाहून जास्त एमएनसी असतात. दोन, पुढचं शून्य गळतं. एमएनसी ०५१ असेल आणि तुम्ही नुसता ५१ भरलात, तर जुळणी तिथेच फसली.

खटपट्या

वरचं बरोबर, फक्त एक पायरी आधीची. हाताने भरण्यापूर्वी एपीएनच्या स्क्रीनवर उजवीकडचे तीन ठिपके दाबून 'रीसेट टू डीफॉल्ट' करून बघा. यात फक्त एपीएनची यादी नव्याने भरली जाते, वाय-फाय वगैरेला धक्का लागत नाही. फोनमध्ये त्या कंपनीची माहिती आधीच असेल तर नोंद आपोआप उगवेल. 

यादी तरीही रिकामी राहिली तर नवी नोंद अशी करा:

सेटिंग्ज → नेटवर्क अँड इंटरनेट → सिम्स → नवं सिम → ॲक्सेस पॉइंट नेम्स → अधिक चिन्ह. (काही फोनांत हेच कनेक्शन्स → मोबाइल नेटवर्क्स या वाटेने सापडतं.)

नवी नोंद उघडली की एमसीसी आणि एमएनसी फोन सिममधून स्वतःच भरतो. त्या दोन रकान्यांना हातच लावू नका. वेबपेजवर काहीही लिहिलेलं असो.

'नाव' काहीही चालतं. 'एपीएन' मात्र कंपनीने दिलेला तंतोतंत, इंग्रजी अक्षरांत. कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो किंवा शेवटी एक रिकामी जागा सोडतो, ती काढा. ही जागा डोळ्यांना दिसत नाही आणि माणूस तासभर भलतीकडेच शोधत बसतो.

प्रॉक्सी, पोर्ट, युजरनेम, पासवर्ड, सर्व्हर हे कंपनीने सांगितलं नसेल तर कोरे. जुन्या कंपनीच्या नोंदीवरून बघून प्रॉक्सी भरणं ही नेहमीची चूक. सेशन उभं राहतं पण वेबसाइट उघडत नाहीत.

'एपीएन टाइप' कोरा सोडायचा नाही. निदान डीफॉल्ट (default) आणि एसयूपीएल (supl, लोकेशनसाठीचा) हे दोन शब्द हवेत. एमएमएस वापरत असाल तर तोही. मध्ये स्वल्पविराम, जागा न सोडता. डीफॉल्ट हा शब्द लिहायचा राहिला तर फोन ही नोंद इंटरनेटसाठी धरणारच नाही.

'एपीएन प्रोटोकॉल' आयपीव्ही४/आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्याचा जुना आणि नवा प्रकार) असा दोन्हींचा. काही कंपन्यांचं नेटवर्क फक्त आयपीव्ही६ वर चालतं, तिथे नुसता आयपीव्ही४ ठेवला की पत्ताच मिळत नाही.

मग तीन ठिपके → सेव्ह. नुसतं मागे गेलात तर बऱ्याच फोनांत भरलेलं वाया जातं. यादीत आल्यावर नोंदीसमोरचा गोल दाबून ती निवडा, नाहीतर ती तिथे नुसती शोभेला. शेवटी एअरप्लेन मोड १५ सेकंद चालू ठेवून बंद करा, म्हणजे सेशन नव्याने मागितलं जाईल.

दुसऱ्या कंपनीचे टॉवर भाड्याने वापरणारी कंपनी असेल तर आणखी एक मेख. तिच्या सिमवर बहुधा टॉवरवाल्या कंपनीचाच एमसीसी-एमएनसी असतो. फोन मूळ कंपनीचा एपीएन उचलतो आणि नेट बंद. तिथे यादी रिकामी नसते, भरलेली पण चुकीची असते. अशा काही कंपन्यांना देशातल्या देशातही डेटा रोमिंग चालू ठेवावं लागतं.

बिनतारी

शून्याचाच घोळ होता! फोनने आपणहून तीन अंक भरले होते, मी वेबपेज बघून दोन अंक करत होतो. 'रीसेट टू डीफॉल्ट'ने काही आलं नाही, म्हणून हाताने भरला, कोड तसेच ठेवले. आता नोंद यादीत टिकते आणि ४जी उमटतं.

पण सोबत उद्गारचिन्ह आहे आणि एकही साइट उघडत नाही. वाय-फायवर अजूनही सगळं चालतं. व्हीपीएन नाही.

दांडीगुल

म्हणजे तुम्ही पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात आलात. प्रगती आहे.

वाय-फाय बंद ठेवून ब्राउझरमध्ये नावाऐवजी नुसता आकडा टाका: १.१.१.१ (इंग्रजी अंकांत). पान उघडलं, किंवा निदान वरचा पत्ता बदलून तिथे दुसरं नाव दिसायला लागलं, तर आकड्यापर्यंत पोच आहे आणि फक्त नावाचा पत्ता शोधणं अडलंय. काहीच हललं नाही तर प्रॉक्सी आणि प्रोटोकॉल पुन्हा तपासा.

पहिलं घडलं तर सेटिंग्ज → नेटवर्क अँड इंटरनेट → प्रायव्हेट डीएनएस बघा. तिथे एखाद्या सर्व्हरचं नाव भरलेलं असेल (जाहिराती अडवायला बरेच जण भरतात), तर तेच कारण असण्याची शक्यता मोठी. नाव भरलेलं असलं की अँड्रॉइड फक्त त्याच सर्व्हरला, बहुधा ८५३ नंबरच्या पोर्टवरून (म्हणजे ठरावीक दारातून) विचारतो. तिथवर पोचता आलं नाही तर साध्या डीएनएसकडे वळत नाही, सरळ इंटरनेट नाही म्हणतो. घरच्या वाय-फायवर तो पोर्ट खुला आणि मोबाइल नेटवर्कवर बंद, असं होऊ शकतं. ही सेटिंग सिमला बांधलेली नसते, त्यामुळे कंपनी बदलली तरी मागे राहते. 'ऑटोमॅटिक' करा.

शून्य_दांड्या

आयफोनवाले हा धागा शोधत येतील म्हणून थोडक्यात. तिथे बहुतेक वेळा एपीएन भरावाच लागत नाही. वाय-फाय चालू ठेवून सेटिंग्ज → जनरल → अबाउट उघडून मिनिटभर थांबा. कॅरिअर सेटिंग्ज अपडेटची खिडकी आली तर स्वीकारा. त्याच पानावर 'कॅरिअर लॉक'समोर सिमचं बंधन नाही असं लिहिलेलं हवं. फोन एकाच कंपनीच्या सिमला बांधलेला (लॉक) असेल तर एपीएनशी कितीही झुंजलात तरी उपयोग नाही.

जुन्या कंपनीने एपीएनसाठी प्रोफाइल (सेटिंग्जची तयार फाइल) घालायला लावलं असेल तर जनरल → व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट इथून ते काढून टाका. ते असेपर्यंत फोन जुनाच एपीएन धरून बसतो. आणि मोबाइल डेटा नेटवर्क हा पर्यायच दिसत नसेल तर कंपनीने तो बंद ठेवलाय, फोन बिघडलेला नाही.

बिनतारी

प्रायव्हेट डीएनएसमध्ये जाहिराती अडवणाऱ्या सर्व्हरचं नाव होतं. ऑटोमॅटिक केल्याबरोबर उद्गारचिन्ह गेलं, नेट चालू. फोनवर सगळं उघडतंय, फक्त हॉटस्पॉटला जोडलेल्या लॅपटॉपवर नेट येत नाही. तो जोडला जातो, पण पुढे काही नाही.

खटपट्या

त्याच नोंदीच्या एपीएन टाइपमध्ये स्वल्पविराम देऊन डीयूएन (dun) ही तीन अक्षरं जोडा, बाकीच्या शब्दांसारखी लहान इंग्रजी अक्षरांत. हॉटस्पॉटची वाहतूक काही ठिकाणी त्या प्रकाराखाली मागितली जाते, आणि तो शब्द असलेली नोंद नसेल तर लॅपटॉपला नुसता वाय-फाय मिळतो. सेव्ह, एअरप्लेन मोड, मग हॉटस्पॉट नव्याने चालू करा. तरीही नाही झालं तर पॅकमध्ये हॉटस्पॉट आहे का ते कंपनीला विचारा. ते कुलूप त्यांच्या बाजूचं असतं, फोनमधून उघडत नाही.