मेघनाथ यात्रेला जायचंय, दोरीवाल्यांचं काय?

अकोल्याचा_फटफटीवाला
होळीनंतर मेळघाटात मेघनाथ यात्रा भरतात. यंदा मी आणि मित्र गाडीवर जाणार. परतवाड्याहून चिखलदरा धरावं की सेमाडोह? आणि रस्त्यात दोरी आडवी धरून पैसे मागतात म्हणे. न देता निघता येतं का?

जिलेबीवाला_परतवाडा
न देता काहून निघाचं भाऊ? तो फगवा आहे, कोरकू आदिवासी लोकायचा होळीचा मान. कामाले बाहेर गेलेला माणूस दिवाळी चुकवीन, होळी नाही. बाया दोरी धरतात, गाणं म्हणतात, दहा-वीस द्या अन् पुढं जा. पहिल्या साली माह्यापाशी सुटे नव्हते, पाचशेची नोट दाखवली. आजीनं टेम्पोतल्या परातीवरचं फडकं उचललं अन् फगव्यात जिलेबीच घेतली, सव्वा किलो तरी असंल! तवापासून दहाच्या नोटा वेगळ्या खिशात.

काटकुंभ, जारिद्याकडं जाचं तर चिखलदऱ्याहून. सेमाडोहचा रस्ता हरिसाल, धारणीले जाते. यात्रा समद्या गावात एकाच दिवशी नसते. आमी दुकानवाले एका गावचं पाल सोडून दुसऱ्या गावी ठोकतो, म्हणून आधी विचारून निघा. पेट्रोल परतवाड्यातच भरा.

मेघनाथ म्हणजे रावणाचा पोरगा. त्याच्या नावाचा उंच लाकडी खांब असते, शेंदूर लावलेला. नवस असलेल्याले वर आडव्या लाकडाले बांधून फिरवतात. खाली ढोल असा वाजते का गिऱ्हाइकाचं 'पाव किलो' मले 'एक किलो' ऐकू येते. (नुकसान माहं नाही.)

धारणीची_लेक
फगव्याचं बरोबर सांगितलं, पण काका, एकाच रस्त्यावर चार दोऱ्या लागतात तेव्हा आम्हालाही वैताग येतो. तरी भांडू नका. फोटो काढायचा तर आधी विचारा. नवस फेडणाऱ्याच्या तोंडासमोर मोबाईल धरणारे दरवर्षी दिसतात. आणि सावली म्हणून मोहाच्या झाडाखाली गाडी लावू नका. फुलं वेचायला बायांनी खालची जागा झाडून ठेवलेली असते, त्यावर टायर नेले तर फगव्यापेक्षा जास्त ऐकून घ्यावं लागेल.

अकोल्याचा_फटफटीवाला
बँकेतून दहाचं बंडल आणलं. काका, तुमचं दुकान कुठं?

जिलेबीवाला_परतवाडा
निळी ताडपत्री, पाळण्याच्या बाजूले. सुटे पैसे घेऊन या.