मॅक्रोसाठी एक्स्टेन्शन ट्यूब, क्लोज-अप लेन्स की सरळ मॅक्रो लेन्स?

भुंगा

कॅमेरा कॅननचा एपीएस-सी डीएसएलआर आहे, २४ मेगापिक्सेलचा. लेन्स दोन: ५० मिमी एफ/१.८ एसटीएम आणि ५५-२५० एसटीएम.

कामंही दोन आहेत. पहिलं, झाडांवरचे ढालकिडे, कोळी, मुंग्या, म्हणजे साधारण ४ ते १० मिमीचे जीव. दुसरं, जुन्या नाण्यांची नोंद ठेवण्यासाठी दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो. मोठ्यात मोठं नाणं २५ मिमी व्यासाचं.

सध्या ५० मिमीवर +१, +२, +४, +१० असा साधा क्लोज-अप फिल्टरचा संच वापरतोय. मध्यभाग बरा येतो, पण कडेला जांभळी-हिरवी किनार दिसते आणि अक्षरं पसरतात. डेप्थ (पुढे-मागे जेवढा भाग स्पष्ट येतो ती खोली) वाढावी म्हणून एफ/२२ केलं तर सगळंच मऊ येतं. असं का होतं? आणि पुढचा खर्च कशावर करावा: ट्यूब, चांगली क्लोज-अप लेन्स की १०० मिमी मॅक्रो?

तिपाई

आधी किनारीचं कारण. संचातला प्रत्येक फिल्टर म्हणजे काचेचं एकच भिंग. एकच भिंग लाल आणि निळा प्रकाश एका ठिकाणी आणू शकत नाही, म्हणून रंगीत किनार येते. फिल्टरचा आकडा जितका मोठा तितका हा दोष जास्त, आणि एकावर एक चढवले की आणखी वाढतो. चांगल्या क्लोज-अप लेन्समध्ये दोन किंवा तीन वेगवेगळ्या काचा एकत्र बसवलेल्या असतात आणि त्या एकमेकींचा रंगदोष खोडतात. विकत घेताना 'अक्रोमॅट' हा शब्द शोधा.

आता निवड. ट्यूब आणि क्लोज-अप लेन्स दोन्ही जवळचं दाखवतात, पण त्यांची गणितं उलट आहेत.

ट्यूबमध्ये काच नसते. ती फक्त लेन्सला सेन्सरपासून लांब ढकलते. मिळणारं वाढीव मॅग्निफिकेशन (सेन्सरवरची प्रतिमा मूळ वस्तूच्या किती पट, तो आकडा) = ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंग्थ. ५० मिमीवर २० मिमीची ट्यूब म्हणजे ०.४. त्यात लेन्सचं स्वतःचं (तुमच्या एसटीएमचं ०.२१) मिळवा: अनंतावर फोकस असताना ०.४, सगळ्यात जवळ ०.६१. तीच ट्यूब २५० मिमीवर लावली तर वाढ जेमतेम ०.०८, म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

क्लोज-अप लेन्समध्ये, मागची लेन्स अनंतावर फोकस असताना, मॅग्निफिकेशन = मागच्या लेन्सची फोकल लेंग्थ भागिले क्लोज-अपची फोकल लेंग्थ. +४ म्हणजे १०००/४ = २५० मिमी. ती ५० मिमीवर लावली तर ०.२, आणि २५० मिमीवर लावली तर १.०, म्हणजे पूर्ण १:१ (प्रतिमा वस्तूएवढीच).

म्हणून छोट्या लेन्सला ट्यूब आणि लांब लेन्सला क्लोज-अप. तुमच्याकडे दोन्ही प्रकारच्या लेन्स आहेत आणि कामंही दोन आहेत, तेव्हा मॅक्रो लेन्सची घाई नको.

किड्यांसाठी ५५-२५० वर रेनॉक्स डीसीआर-१५० ही क्लोज-अप लेन्स बसवा. ती +४.८ची आहे, म्हणजे फोकल लेंग्थ सुमारे २०८ मिमी. २५० टोकाला १.२ मिळतं आणि किडा काचेपासून वीसेक सेंटीमीटरवर राहतो. ५५ टोकाकडे कोपरे काळे पडतात, त्यामुळे झूम लांबच ठेवा. डीसीआर-२५० (+८) थेट २.० मॅग्निफिकेशन देते, पण अंतर १२-१३ सेंमीवर येतं आणि डेप्थ एवढी कमी होते की सुरुवातीला एकही फ्रेम जागेवर बसत नाही. आधी १५०च घ्या.

नाण्यांसाठी ५० मिमी आणि ट्यूब. सेन्सरची उंची १४.९ मिमी आणि नाणं २५ मिमी, म्हणजे भोवती थोडी जागा सोडून ०.५५ मॅग्निफिकेशन हवं. २० मिमीची ट्यूब बरोबर त्यात बसते. लहान नाण्यांना ३६ मिमी लावा, ०.७२ ते ०.९३ मिळेल.

दशांश

एफ/२२च्या मऊपणाचं कारण डिफ्रॅक्शन. छिद्र लहान झालं की प्रकाशाचा प्रत्येक बिंदू सेन्सरवर छोटी चकती बनून पडतो. तिचा व्यास = २.४४ × प्रकाशाची तरंगलांबी × एफ-आकडा. हिरव्या प्रकाशासाठी (०.५५ मायक्रॉन) एफ/२२ला हा व्यास सुमारे ३० मायक्रॉन येतो. तुमचा पिक्सेल ३.७ मायक्रॉनचा, म्हणजे एक बिंदू आठ पिक्सेलभर पसरतो. लेन्स कितीही महाग घेतली तरी यात फरक पडणार नाही.

तिपाईंच्या उत्तरात एक भर घालतो, कारण ट्यूब लावल्यावर हेच प्रकरण आणखी बिघडतं. लेन्स सेन्सरपासून लांब गेली की खरा एफ-आकडा वाढतो: लिहिलेला आकडा × (१ + मॅग्निफिकेशन). ०.६ मॅग्निफिकेशनला कॅमेरा २२ दाखवत असला तरी प्रत्यक्षात तो ३५ असतो. (कॅनन लिहिलेलाच आकडा दाखवतो. निकॉन स्वतःच्या मॅक्रो लेन्सवर खरा आकडा दाखवतो, म्हणून दोन कॅमेऱ्यांचे आकडे जुळवताना गल्लत होते.) प्रकाशही त्याच हिशेबाने घटतो: १:१ला बरोबर दोन स्टॉप, म्हणजे चौथा हिस्साच उरतो. क्लोज-अप लेन्सला हा दंड नाही. अनंतावर फोकस असेल तर एफ/११ हा एफ/११च राहतो.

नाण्यांसाठी एफ/५.६ ठेवा. ०.६ला खरा आकडा ९ होतो, चकती १२ मायक्रॉन, म्हणजे सुमारे तीन पिक्सेल. डेप्थ अंदाजे १ मिमी. नाण्याच्या उठावाला एवढी पुरते, तिरपेपणाला मात्र पुरत नाही. २५ मिमीचं नाणं ३ अंश तिरपं असेल तर दोन कडांच्या उंचीत १.३ मिमी फरक पडतो आणि एक बाजू फोकसबाहेर जाते. माझ्या मते 'कडेची अक्षरं पसरतात' या तक्रारीत फिल्टरइतकाच वाटा तिरपेपणाचाही असू शकतो. तो आधी तपासा.

तपासायची सोपी रीत: नाण्याच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये बघा. लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब फ्रेमच्या अगदी मध्यावर आलं की सेन्सर आणि आरसा समांतर आहेत. नंतर ट्रायपॉड न हलवता आरशाच्या जागी नाणं ठेवा. स्पिरिट लेव्हलपेक्षा ही रीत कितीतरी अचूक आहे.

भुंगा

खूप स्पष्ट झालं. आणखी तीन शंका. बिनपिनांच्या (कॅमेरा आणि लेन्स विजेने जोडणाऱ्या पिना नसलेल्या) धातूच्या ट्यूब फार स्वस्त मिळतात, त्या चालतील का? ५० मिमी उलटी लावली तर? आणि किड्यांना फ्लॅश लागेलच का?

तिपाई

बिनपिनांच्या घेऊ नका. तुमच्या लेन्सवर ऍपर्चरची रिंग नाही, सगळं विजेवर चालतं. पिना नसतील तर छिद्र पूर्ण उघडं, एफ/१.८वर राहतं. ०.६ला डेप्थ ०.३ मिमीच्या आसपास येते, शिवाय पूर्ण उघड्या छिद्राला या लेन्सच्या कडा मुळातच मऊ असतात. शिवाय एसटीएमची फोकस रिंगही विजेवरच चालते, त्यामुळे हाताने फोकससुद्धा फिरत नाही. १२, २० आणि ३६ मिमीचा पिना असलेला संच घ्या. माउंटला ढिलाई आहे का ते हलवून बघा. लेन्स किंचित झुकली तरी दशांश म्हणतात तो तिरपेपणा परत येतो.

उलट्या लेन्सलाही तीच अडचण. ऍपर्चर हवं तेवढं ठेवून डेप्थ-प्रिव्ह्यूचं बटण दाबलेलं असतानाच लेन्स काढली तर ते तसंच राहतं, पण दर वेळी हा खटाटोप करावा लागतो आणि मागची काच व पिना धुळीला उघड्या राहतात. तुम्हाला याची गरज नाही.

सावली

फ्लॅश लागेलच. १.२ मॅग्निफिकेशनला हाताची थरथरसुद्धा १.२ पटीने सेन्सरवर उतरते आणि पानं वाऱ्याने हलत असतात. चित्र गोठवायचं काम शटरऐवजी फ्लॅशकडे द्या. सुरुवात अशी करा: मॅन्युअल मोड, १/२००, एफ/११, आयएसओ २००, फ्लॅश टीटीएल (फ्लॅशची ताकद कॅमेराच ठरवतो). एफ/११ला डेप्थ तरीही ०.३ मिमीच आहे, त्यामुळे फोकस डोळ्यांवरच हवा. ऑटोफोकस बंद करा, फोकस अनंतावर ठेवा आणि स्वतः किंचित पुढे-मागे झुलत डोळा लख्ख दिसला की दाबा. पाच-सहा फ्रेमा सलग घेतल्या की एक तरी बसते.

कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश तसाच वापरू नका, लेन्सची सावली किड्यावर पडते. बाहेरचा फ्लॅश पुढे झुकवा आणि लेन्सच्या टोकापर्यंत येणारा पांढरा डिफ्यूझर लावा. पातळ पांढरा फोम किंवा ट्रेसिंग पेपर चालतो. ढालकिड्याची पाठ आरशासारखी चकाकते. तिच्यावर जो पांढरा डाग दिसतो तो डिफ्यूझरचाच आकार असतो. डिफ्यूझर जितका मोठा आणि जितका जवळ, तितका डाग पसरट आणि सौम्य. पार्श्वभूमी काळी पडत असेल तर किड्यामागे एखादं पान येईल असा कोन घ्या, नाहीतर आयएसओ ८०० करा.

नाण्यांना मात्र फ्लॅश नको, दोन छोटे एलईडी दिवे पुरतात. घड्याळाच्या दहा आणि दोनच्या जागी, टेबलापासून उंचावर ठेवा. खूप खाली आणले तर ओरखडेच उठून दिसतात आणि अक्षरं सावलीत जातात. शटर टायमरने सोडा. लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठं करून अक्षरांच्या वरच्या कडेवर फोकस करा, पार्श्वभूमीच्या सपाट भागावर नको. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर तांब्याचं नाणं फिकट येतं, म्हणून त्याच दिव्यात करड्या कार्डाचा फोटो घेऊन कस्टम सेट करा.

दशांश

१०० मिमी मॅक्रोचं राहिलं. तिची खरी ताकद सपाट फील्डमध्ये आहे. नाण्याची कड आणि मध्य एकाच फोकसला बसतात, आणि सेटिंग न बदलता अनंतापासून १:१पर्यंत जाता येतं. आरशाने कॅमेरा समांतर करून, एफ/५.६ ठेवून, पिनांच्या ट्यूबने काढलेल्या नाण्याच्या कडा १००% झूमला तपासा. एफ/८लाही त्या खटकत असतील तरच ही लेन्स घ्या. जुनी घेत असाल तर आतून टॉर्च मारून जाळ्यासारखी बुरशी आहे का ते बघा, आणि ऍपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक दिसली तर ती सोडून द्या.