मदत हवी आहे : बंद बर्फ कारखान्यात सांस्कृतिक केंद्र

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात खाडीलगत आमच्या गावात बर्फाचे दोन जुने कारखाने बंद पडून आहेत. मालक इमारती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर द्यायला तयार आहेत. दशावतार, भजन, वाचनालय, मुलांची चित्रशाळा, सगळं एका छपराखाली आणायचा विचार आहे. पावसाळ्यात तालमीला कोरडी जागा मिळत नाही, हे खरं दुखणं.

अडचण इमारतीच्या पोटात आहे. बर्फाच्या टाक्यांतलं मिठाचं पाणी वर्षानुवर्षं जमिनीत मुरलंय आणि खांबांतली सळई गंजून काँक्रीट फुगलंय. वर खारी हवा. नुसतं प्लॅस्टर करून भागेल असं ठेकेदार म्हणतो, मला पटत नाही. काँक्रीटमधल्या क्लोराइडची (मुरलेल्या मिठाच्या अंशाची) तपासणी करून देणारा स्ट्रक्चरल इंजिनियर रत्नागिरी-सिंधुदुर्गात कोणाला माहीत आहे का? जुन्या पाइपांत अमोनिया (बर्फ गोठवायला वापरतात तो विषारी वायू) उरला असेल तर तो कोणाकडून काढून घ्यावा? छपराचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे वाटतात, त्याची धूळ फुफ्फुसांना घातक म्हणून त्यांना अजून हात लावलेला नाही.

दुसरं, सीआरझेड, म्हणजे किनाऱ्या-खाडीलगतच्या बांधकामांवरचे सरकारी नियम. बांधकाम तेच ठेवून फक्त वापर बदलला तरी परवानगी लागते का? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनीच सांगा, ऐकीव नको. आणि आधी धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदवावा की आधी भाडेकरार?

कोचीत ॲस्पिनवॉल हाऊसच्या जुन्या वखारींत 2012 पासून बिनाले (साधारण दर दोन वर्षांनी होणारं मोठं कलाप्रदर्शन) भरतं. तिथे समुद्राकाठच्या भिंतींची देखभाल कशी करतात, हे कोणी जवळून पाहिलं असेल तर जरूर लिहा.