प्लेटलेट जास्त आल्या म्हणून निश्चिंत राहू नका
ताई, आईंच्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) ९ लाख आल्यात आणि शेजारी म्हणतात ‘डेंग्यूत कमी होतात, जास्त आहेत ते बरंच’, असं तुम्ही लिहिलंत. कृपा करून त्यावर विसंबू नका. आकडा साडेचार लाखांच्या वरच राहिला तर कारण शोधावंच लागतं. कधी नुसती लोहाची कमतरता निघते. पण अस्थिमज्जेचाच, म्हणजे हाडांतल्या रक्तपेशी बनवणाऱ्या गराचाच आजार असेल तर रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात येऊ शकतो. साठीपुढचं वय, आधी झालेली गुठळी, जेएके२ (रक्तपेशींच्या वाढीशी संबंधित) जनुकातला बदल, यांनी धोका वाढतो. आणि १० लाखांपुढे उलट रक्तस्रावही होऊ शकतो, म्हणून रक्त पातळ करणारी ॲस्पिरिन मनानेच सुरू करू नका. सांगलीहून मिरज जवळच आहे, तिथे रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर मात्र थेट १०८ लावा.