चर्चा : आगीला टिकावं म्हणून हॉलमधलं विनिअर (प्लायवर चिकटवायची लाकडाची पातळ पानं) क्षारात मुरवायचं की वरून कोट मारायचा?

टिंबरलाईन
शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभं केलेलं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. त्यानंतरही कोल्हापुरात हॉलच्या भिंतींना साधंच विनिअर लागत असेल तर ते चुकीचं आहे. माझं मत, पानं चिकटवायच्या आधीच क्षारात मुरवा. हॅलोजनवाली (क्लोरीन, ब्रोमीनची) रसायनं नकोत, त्यांचा धूर घातक. टेक्निकल ग्रेड डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) 1.5 किलो घ्या (खताचं नको, त्यातल्या अशुद्धीने डाग पडतात) आणि पाणी घालून 10 लिटर करा. 8×4 फुटी प्लायला पुरणारी अर्ध्या मिलीमीटरची पानं साधारण 1 किलो भरतात. निथळून 1.7 किलो झाली की शंभरेक ग्रॅम क्षार आत गेला, म्हणजे लाकडाच्या 10 टक्के. सागात तेल असतं, तो सावकाश पितो. म्हणून तास मोजू नका, वजन करा.

उद्यमनगरकर
हिशेब बरोबर, जागा चुकली. एक किलो विनिअरच्या मागे 12 मिमी प्लाय वीस किलोच्या वर असतो. अर्धा मिलीमीटर ओलांडायला उष्णतेला कितीसा वेळ लागतो? शिवाय वरून एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारलं की जळायला आणखी एक थर दिलात. खाली आयएस 5509 चा, म्हणजे आगरोधक प्लायच्या मानकाचा, प्लाय आणि वर पाण्यावर चालणारा, आगीत फुगणारा पारदर्शक कोट, हाच मार्ग. फक्त तो पॉलिशसारखा पातळ ओढला तर फुगतच नाही. काम सुरू करताना आणि संपल्यावर बादली तोला, फरकाला चौरस मीटरने भागा आणि आकडा कंपनीच्या टेस्ट रिपोर्टशी ताडा.

टिंबरलाईन
लॅकरचं मान्य. पण खुर्च्यांच्या पाठी घासतात त्या उंचीवर कोट किती टिकेल? जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत असे कोट पांढुरकेही पडतात. मुरवलेलं लाकूड घासलं तरी क्षार आतच राहतो.

उद्यमनगरकर
दमट हवेत डीएपीसुद्धा पाणी ओढतं आणि पॉलिशखाली पांढरी पूड वर येते. कोट घासला तर पुन्हा मारता येतो, चिकटवलेलं विनिअर पुन्हा बुडवता येत नाही.

हॉटप्रेस
दोघंही गोंदाबद्दल बोलत नाही, आणि काम बिघडतं तिथेच. ‘नैसर्गिक’ म्हणून बोरॅक्स (टाकणखार) सुचवणारे पुष्कळ आहेत. बोरॅक्स पांढऱ्या पीव्हीए गोंदाला लागला की गोंदाची जेली होते, तो पसरत नाही आणि आठवड्याभरात पानाखाली फुगे येतात. युरिया-फॉर्मल्डिहाइड हा दुसरा गोंद आम्लात पकडतो, त्यालाही बोरॅक्सची अल्कली आडवी येते. शिवाय बोरिक ॲसिड 2010 पासून युरोपच्या अतिचिंताजनक रसायनांच्या यादीत आहे. खनिज आहे म्हणून निरुपद्रवी म्हणता येत नाही.

डीएपीच वापरायचं तर लोखंडी पिंप नको. सागातल्या टॅनिनला लोह मिळालं की काळे डाग पडतात आणि ते घासून जात नाहीत. प्लास्टिकचा टब घ्या. पानं जाळीवर, वजनाखाली, 60 अंशांच्या आत वाळवा. त्यापुढे अमोनिया उडायला लागतो. ओलावा 8 ते 10 टक्क्यांवर आल्याशिवाय प्रेसला लावू नका. पितळी स्क्रू टाळा.

कोंडा-पेंड
तांदळाच्या कोंड्यातल्या फायटिक ॲसिडचं काय? त्यात फॉस्फरस आहे आणि तो शेतमालातूनच येतो.

हॉटप्रेस
काम डीएपीचंच करतं, उष्णतेत लाकडाचा कोळसा लवकर धरवतं. पण नुसतं दिलं तर आम्लाने तंतू मोडतात आणि पान पापडासारखं तुटतं. युरियाने आम्ल मारूनच वापरा, आणि आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघा.

टिंबरलाईन
मग निदान हे तरी मान्य करा, भिंत आणि पॅनेल यांच्यातल्या पोकळीत आग वर चढते. तिथे तुमचा कोट नसतो.

उद्यमनगरकर
तिथे तुमचं विनिअरही नसतं. म्हणूनच मी प्लायवर अडून आहे. बॅटनच्या (पॅनेलमागच्या लाकडी पट्ट्यांच्या) आडव्या ओळींत पोकळी रॉकवूलने (न जळणाऱ्या दगडी लोकरीने) ठासून बंद करा. आणि आगीच्या टेस्टचा रिपोर्ट मागाल तो नुसत्या प्लायचा नको. प्लाय, गोंद, विनिअर, कोट असा अख्ख्या पॅनेलचा मागा, भिंतीवर बसणार त्याच जाडीचा.